मागे बसलेल्या माणसाचा आवाज : नाशिक ते नामपूर

गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५. सकाळी पावणेसात वाजता मी आणि माझी पत्नी सुमन मोटारसायकलवरून नाशिकहून नामपूरला निघालो. दिवस भाऊबिजेचा होता. सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढेच हे अंतर आहे. आम्ही त्या संध्याकाळी परतलो नाही.

हा रस्ता अनेकांनी पाहिला आहे आणि त्यात नवल वाटावे असे काही नाही. तरीही लिहितो आहे, कारण चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला एकमेकांशी बोलता यावे म्हणून हेल्मेटमध्ये जे यंत्र बसवतात, ते आम्ही या प्रवासासाठी घेतले होते. माझ्या वयाची माणसे त्याविषयी मला विचारतात. त्यांना उत्तर द्यायचे तर त्या दिवसाचे सगळेच सांगावे लागते.

नाशिक

सुमनचे माहेर बागलाणातील नामपूर. पाच भावंडांपैकी ती आणि तिचा थोरला भाऊ, एवढेच उरले होते. त्याला सारे गाव अप्पा म्हणते. दर वर्षी अप्पा पाडव्याच्या संध्याकाळी आमच्याकडे मुक्कामाला येई, भाऊबिजेच्या पहाटे ओवाळून घेई आणि दुपारच्या एसटीने परत जाई. यंदा त्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती. डॉक्टरांनी घरी न्या असे सांगितले होते. त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. दसऱ्यानंतर फोनवर तो सुमनला अहिराणीत म्हणाला, "यंदा तू ये. मी वाट देखस."

सुमनला मधुमेह आहे आणि दोन वर्षांपासून ती इन्सुलिन घेते. बंद वाहनात, मग ती बस असो की मोटार, तिला ओकाऱ्या होतात. इन्सुलिन घेतलेल्या माणसाच्या पोटात अन्न टिकले नाही तर साखर उतरते आणि ती किती उतरेल याला धरबंध राहत नाही. मोकळ्या वाऱ्यात तिला त्रास होत नाही. म्हणून मोटारसायकल. एकाहत्तराव्या वर्षी मी ती चालवावी की नाही यावर आमच्या मुलाने पुण्याहून मत दिले. मी ते ऐकून घेतले.

आजवर आमचे दुचाकीवरचे बोलणे खांद्यावर चालत असे. तिने माझ्या उजव्या खांद्यावर थाप मारली की थांबायचे, डाव्या खांद्यावर मारली की हळू. तेवढ्यावर चाळीस वर्षे निभावली. मात्र श्रावणात एकदा भाजी घेऊन येताना तिचे डोके माझ्या पाठीवर टेकले. मला वाटले, डुलकी लागली. घराच्या फाटकापाशी तिला उतरता येईना, तेव्हा कळले की साखर उतरली आहे. आमचे डॉक्टर म्हणाले, "साखर उतरू लागली की आधी बोलणे बदलते. तोल नंतर जातो. प्रवासात त्यांना बोलत ठेवा." ज्याची साखर उतरते, तो स्वतःच्या हाताने खांद्यावर थाप मारू शकत नाही, हे माझ्या ध्यानात आले.

हेल्मेटच्या दुकानातील तरुण मालकाने काउंटरवर चार डबे मांडले.

"काका, हा घ्या. दोन किलोमीटरची रेंज, गाणी, रस्ता सांगतो, सगळं आहे."

मी म्हणालो, "माणूस माझ्या पाठीला टेकून बसणार आहे. दोन किलोमीटर कशाला?"

"आणि काकू पुढे निघून गेल्या तर?"

"जायला मिळालं असतं तर केव्हाच गेले असते," सुमन म्हणाली.

तो मनापासून हसला. नंतर मात्र त्याने नीट समजावले. जबडा झाकणारे हेल्मेट असेल तर माइक आतून चिकटवायचा. तोंड उघडे राहणारे असेल तर दांडीचा माइक ओठांजवळ आणायचा आणि त्याला स्पंजाची टोपी घालायची, नाहीतर वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नाही. कानातले स्पीकर कानाच्या भोकासमोरच यायला हवेत. बोटभर सरकले तरी निम्मा आवाज जातो. सुमनचा अंबाडा हेल्मेटमध्ये मावेना आणि कुड्या स्पीकरखाली रुतू लागल्या. अंबाड्याची वेणी झाली. कुड्या तिने काढून माझ्या हातात दिल्या.

मुख्य प्रश्न वेगळा होता. काही यंत्रांत कोणी बोलू लागले की लाइन उघडते आणि थांबले की मिटते. त्याने बॅटरी वाचते. आम्ही दुकानासमोर तसे लावून पाहिले. पहिला शब्द गिळला जात असे. सुमन प्रत्येक वाक्य 'अहो'ने सुरू करते, त्यामुळे नुकसान काही नव्हते. परंतु लाइन मिटली की पलीकडचा माणूस गप्प आहे की शुद्धीवर नाही, हे कळण्यास मार्ग राहत नाही. मी सतत उघडी राहणारी लाइन असलेली जोडी निवडली. इतरांना याची गरज असेल असे नाही.

गंगापूर रस्त्यावर सराव केला. मागून ओरडून बोलण्याची सवय सुमनला सुटेना. माझे कान बधिर झाले.

"स्वयंपाकघरात बोलतेस तसे बोल," मी म्हणालो.

"स्वयंपाकघरातलं तुम्ही कधी ऐकलंय?"

पन्नासच्या पुढे वेग गेला की वाऱ्याने शब्द तुटतात, हेही त्याच दिवशी कळले. तेव्हा वेग पन्नासच्या आत. आणखी एक गोष्ट ठरवून घेतली. तिने साडीत एका बाजूला बसायचे नाही. पंजाबी ड्रेस घालून, दोन्हीकडे पाय टाकून बसायचे. भावाच्या दारात अशा वेषात उतरणार नाही, असे तिने बजावले. सटाण्यात थांबून साडी नेसायची, असा तह झाला.

निघायच्या सकाळी सात वाजण्याच्या आत सर्व व्हायचे होते. सहा वाजता तिने माझ्यासमोर इन्सुलिन घेतले. मी तिच्या पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली आणि यंत्रे तपासायला खाली गेलो. परत आलो तेव्हा बशी धुऊन पालथी घातलेली होती. "खाल्लेस?" मी विचारले. "निघा आता," ती म्हणाली.

पिंपळगाव ते सोग्रस

भाऊबिजेला या रस्त्यावर जी रहदारी असते ती इतर दिवशी नसते. कांद्याच्या गाड्या नव्हत्या. बाजार समित्या बंद होत्या. त्याऐवजी मोटारसायकली होत्या आणि प्रत्येकीवर मागे एक बहीण. कोणाच्या मांडीवर रुमालात बांधलेले ताट, कोणाच्या हाताला मिठाईचा खोका, मध्ये दाबून बसवलेले मूल. ओझरपासून दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात. छाटणी झालेली होती. पाने उतरवलेल्या बागा तारांवर टांगलेल्या काटक्यांसारख्या दिसतात. ज्याने फळांच्या दिवसांतील बाग पाहिली आहे त्याला त्या ओळखू येणार नाहीत. पाऊस लांबल्याने सखल शेतांत पाणी उभे होते आणि त्यात मका काळा पडला होता.

सुमन बोलत होती. अप्पा तिला सायकलच्या दांडीवर बसवून बाजाराला नेई; दांडीला गोणपाट गुंडाळलेले असे; उतारावर तो दोन्ही हात सोडी. हे मी पूर्वी ऐकलेले नव्हते. पाठीमागे बसलेल्या माणसाचे बोलणे थेट कानात येऊ लागले की ते अर्ध्यावर टाकून देता येत नाही, हा या यंत्राचा गुण म्हणा किंवा दोष.

वडाळीभोईला मी चहासाठी थांबलो. समोर धोडपचा डोंगर स्वच्छ दिसत होता. सुमन गाडीवरून उतरली, पण टपरीकडे आली नाही.

"काहीतरी घे."

"मी काय उपाशी निघालेय?"

चहावाला मध्येच बोलला. "घ्या ना आजी, बिनसाखरेचा देतो. तोंड तेवढं कडू होईल, भाऊ गोड करील."

ती हसली आणि नको म्हणाली. साखर तपासण्याचे यंत्र पिशवीत होते. ते मी काढले नाही. आवाज ठीक होता, आणि आवाजावर विश्वास ठेवायचा असे ठरलेले होते.

भावडबारी

सोग्रस फाट्याला महामार्ग सोडून देवळ्याच्या रस्त्याला लागलो. थोड्या वेळाने भावडबारीचा घाट लागतो. घाट मोठा नाही, परंतु त्याच्या पलीकडे बोली बदलते. चढाला लागताच कानात सुमनचा आवाज आला.

"भाऊ, धीरे चालाड."

मी म्हणालो, "भाऊ नव्हे, मी आहे."

ती हसली. मलाही वावगे वाटले नाही. माहेरचा डोंगर दिसला की या भागातील स्त्रिया अशाच बोलीवर येतात. सुमनही देवळ्याच्या स्टँडवर उतरली की बांगडीवालीशी, रिक्षावाल्याशी अहिराणी बोलू लागे. माझ्याशी मात्र ती कधी बोलली नव्हती. हे मला त्याच क्षणी जाणवायला हवे होते. मी ते माहेरचे कौतुक समजलो आणि आणखी एक वळण चढलो.

"मन्हं दप्तर कोठे शे?" ती म्हणाली. "शाळा सुटनी."

मी विचारले, "आज काय आहे?"

"आज बाजार शे."

"सुमन, आज कोणता सण आहे?"

 मग अगदी स्वच्छ, परक्या माणसाला विचारावे तसे, "तू कोन शे?"

माझ्या कमरेवरचा तिचा हात सैल झाला होता. मी डाव्या हाताने तिचे मनगट पकडले. क्लच धरायला हात उरला नाही. उजव्या हाताने वेग सोडून गाडी कडेच्या मुरुमावर घेतली आणि तशीच बंद पडू दिली. ती माझ्या पाठीवर कलंडली. तिला घेऊन खाली कसे उतरायचे हे सुचेना, तोच मागून येणारी एक मोटारसायकल थांबली. तरुण नवरा-बायको होते. त्याने गाडी धरली, तिने सुमनला काखेत हात घालून खाली बसवले आणि हेल्मेट काढले. केस घामाने निथळत होते. पिशवीतल्या यंत्राने साखर तपासली; आकडा चाळीसच्या खाली होता.

अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजायचे नसते. मी पिशवीतली ग्लुकोजची पूड बोटावर घेऊन तिच्या गालाच्या आत चोळली. तिने बोट चावले. पुन्हा चोळली. तरुणी तिचे डोके मांडीवर घेऊन सारखी म्हणत होती, "मावशी, डोळे उघडा ना. मावशी, माझा भाऊ वाट बघतोय, तुमचा नाही का बघत?"

सुमनने डोळे उघडले. तिने आधी त्या मुलीकडे पाहिले, नंतर माझ्याकडे.

"अहो," ती म्हणाली.

मला तेवढे पुरे होते. मी विचारले, "सकाळी खाल्ले नव्हतेस?"

"ओवाळल्याशिवाय कसं खाणार?"

"दर वर्षी खात होतीस."

"दर वर्षी अप्पा पहाटे पाटावर बसलेला असायचा. त्याला ओवाळायचे आणि मग खायचे. तुम्ही तेव्हा फिरायला गेलेले असता."

आमच्या घराण्यात बहिणी भाऊबिजेला दुपारचे जेवून, सावकाश संध्याकाळी येतात. उपाशी राहण्याची रीत नाही. तिच्या माहेरी भावाला ओवाळल्याखेरीज बहीण अन्नाला शिवत नाही. इतक्या वर्षांत हे माझ्यासमोर आले नाही, कारण भाऊ नेहमी वेळेवर हजर असे.

"बाबा, दवाखाना देवळ्यात शे," तो तरुण म्हणाला. "मी पुढं चालतो. मावशीला मध्ये घ्या, हिला मागं बसवा, धरून राहील." आणि तसेच आम्ही घाट उतरलो. त्याची बायको आमच्या गाडीवर सुमनला धरून बसली होती, आणि तिचा भाऊ कोणत्या तरी गावात तिची वाट पाहत होता.

देवळा

दवाखाना उघडा होता. डॉक्टर तरुण होते आणि निघायच्या घाईत होते. त्यांनी तपासले आणि सरळ सांगितले, "मावशी, आत्ता पोळी खा, तासभर बसा. नाहीतर ग्लुकोजचं सलाईन लावावं लागेल, आणि ते लावलं तर बाटली संपेपर्यंत हलू देणार नाही."

"मी खाणार नाही," सुमन म्हणाली.

"का बरं?"

"तुम्ही आता बहिणीकडेच चाललात ना? तिनं खाल्लं असेल?"

 डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. सुमनही माझ्याकडे पाहत होती. "सलाईन लावा," ती म्हणाली. "सलाईन म्हणजे काही जेवण नाही."

वाद घालत बसलो तर तेवढाच वेळ जाईल आणि तिचे मनही राहणार नाही, असा हिशेब मी केला. हा निर्णय माझा होता. "लावा," मी म्हणालो.

बाटली सावकाश उतरत होती. मी बाहेर बाकावर बसलो. समोरच्या दुकानात कोणी रंगीत सुतळीचे आकाशकंदील उतरवत होते. बाटली अर्ध्यावर आली असताना माझा फोन वाजला. अप्पाचा मुलगा होता. आत्याचा नवरा म्हणून तो मला फुवा म्हणतो.

"फुवा, अप्पा गया."

तो रडत नव्हता. आम्ही कुठवर आलो हे त्याने विचारले आणि सांगितले की आत्या आल्याशिवाय उचलणार नाही. मी बरे म्हणालो. आत जाऊन पाहिले. सुमन डोळे मिटून पडली होती. गालांवर रंग परत आला होता. डॉक्टरांना बाहेर बोलावून मी एवढेच विचारले की, धक्कादायक बातमी गाडीवर कळली तर चालेल का. ते म्हणाले, "गाडीवर तर नकोच. आणि पोचल्यावर तासाभरात पोटात अन्न गेलंच पाहिजे. सकाळचं इन्सुलिन अजून काम करतंय." वाटेत घोट घोट घेण्यासाठी त्यांनी बाटलीत ग्लुकोजचे पाणी करून दिले. ते सुमनने औषध म्हणून मान्य केले.

गिरणेच्या पुढे

आता त्या यंत्राची दुसरी बाजू सांगतो. चाळीस वर्षांच्या खांद्यावरच्या भाषेत खोटे बोलता येत असे. पाठ काही सांगत नाही. उघड्या लाइनवर मात्र माणूस गप्प राहिला तरी ते ऐकू जाते. सुमन उत्साहात होती. अप्पाला बसवता आले नाही तर उशी लावून ओवाळू, करंजी कुस्करून भरवू, असे ती बोलत होती. मला उत्तरे देणे भाग होते. मी रस्ता सांगू लागलो.

"हे लोहोणेर."

"हं."

"हा गिरणेचा पूल. पाणी बरेच आहे."

"हं."

"हे ठेंगोडे. डाळिंबाच्या बागा वाढल्या आहेत."

सटाण्यात साडी नेसण्यासाठी थांबायचे होते. मी थांबलो नाही. ती काही म्हणाली नाही. आरम नदी ओलांडून नामपूरच्या रस्त्याला लागलो. कांद्याची रोपे टाकलेले वाफे, त्यांच्या कडेला लावलेली मक्याची ओळ, विहिरीवर झोपलेली माणसे. सणाचा दिवस असूनही रोपांना पाणी चालू होते. मी तेही सांगितले.

मग बराच वेळ फक्त वारा. मी म्हणालो, "बोलत राहा."

"तुम्ही मला माझ्याच माहेरची गावं सांगताय," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही.

"कधी रस्त्यातलं गाव सांगितलं होतंत?"

मी काही बोललो नाही.

"अप्पा गेला ना?"

डॉक्टरांनी गाडीवर नको म्हटले होते. परंतु प्रश्न माझ्या कानाच्या आत विचारला गेला होता. मी वेग कमी केला आणि म्हणालो, "हो."

"कधी?"

"सलाईन चालू होते तेव्हा."

तिचे दोन्ही हात माझ्या कमरेवर घट्ट झाले. ती पडणार नाही हे मला कळले. बाकी जे कानात आले ते लिहिण्याची गरज नाही. नंतर ती म्हणाली, "अहो, गाडी हळू नका करू."

नामपूर

गल्ली माणसांनी भरली होती. मी गाडी स्टँडवर लावीपर्यंत सुमन उतरून चालू लागली, पंजाबी ड्रेसमध्ये, डोक्यावर हेल्मेट तसेच. गर्दी बाजूला झाली. ती ओट्यावर पोचली आणि माझ्या कानात तिचा तो आवाज आला. लाइन उघडी होती. ते ऐकणे माझे काम नव्हते. मी माझे हेल्मेट काढून आरशावर अडकवले.

पिशवीतून तिने ओवाळण्याचे ताट काढले. एका वृद्ध चुलतीने निरांजनावर हात ठेवला. मृताला दिवा ओवाळत नाहीत. सुमनने दिवा खाली ठेवला, अप्पाच्या कपाळाला कुंकू लावले, त्याच्या ओठांवर पाणी सोडले आणि वहिनीशेजारी बसली.

डॉक्टरांनी दिलेला तास संपत आला होता. प्रेत घरात असेपर्यंत चूल पेटत नाही आणि कोणी तोंडात काही घालत नाही, हा नियम आमच्याकडेही तसाच आहे. मी ओट्याजवळ जाऊन म्हणालो, "हिला आत्ता खायला हवे."

चुलती म्हणाली, "मयत दारमा शे. भाऊ उपाशी चालना अन् बहीण खाई?"

"न खाल्ल्यास दोन मयतांची तयारी करावी लागेल," मी म्हणालो.

कोणी असे बोलत नसते. पुरुषांपैकी एकाने मला दंडाला धरून मागे घेतले. सुमनने मान हलवली, नाही. तिच्या वरच्या ओठावर पुन्हा घाम दिसू लागला होता.

तेव्हा वहिनी उठल्या. नवऱ्याच्या उशापासून त्या उठल्या म्हणून बायकांचे रडणे थांबले. त्या आत गेल्या आणि बशीत दोन करंज्या घेऊन आल्या. सुमनसमोर बसून त्यांनी तुकडा मोडला.

"बाई, तुना भाऊ सांगी गया," त्या म्हणाल्या. "ती उपाशी ई, तिले पहिले खवाड."

उपाशी येईल, तिला आधी भरव, हा भावाचा निरोप ऐकून सुमनने तोंड उघडले. वहिनींनी दोन्ही करंज्या भरवल्या, एकेक तुकडा, आणि बशी संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. चुलतीने पदर तोंडाला लावून मान फिरवली. त्यानंतर अप्पाला उचलले.

मोसम नदीच्या काठी सर्व झाल्यावर परतताना अप्पाच्या मुलाने मला सांगितले की शेवटी फार त्रास झाला नाही; दसऱ्यानंतरच्या आठवड्यात बोलणे बंद झाले ते पुन्हा सुरू झालेच नाही. मी त्याला पुढे काही विचारले नाही. वहिनींनाही विचारले नाही.

शेजारच्यांनी भाकरी आणि डाळ आणली होती. सुमन जेवली. मी नाशिकच्या डॉक्टरांना फोन करून रात्रीचे इन्सुलिन किती कमी करायचे ते विचारून घेतले. प्रश्न झोपण्याचा होता. बायका आतल्या खोलीत वहिनींभोवती झोपणार, पुरुष पडवीत. सुमनने त्या रात्री वहिनींना सोडून येणे शक्य नव्हते आणि मी त्या खोलीत जाणे शक्य नव्हते.

मी दाराशी उभा राहून सांगितले की सुमनचे हेल्मेट तिच्या उशाशी ठेवावे लागेल, आणि त्यातून खोलीतले बोलणे मला बाहेर ऐकू येईल. हे कोणाला चालणार नसेल तर दुसरे काही पाहू.

वहिनी म्हणाल्या, "आयका पाव्हणा. आते लपाडानं काय ऱ्हायनं?"

मी दोन्ही यंत्रे चार्जिंगच्या वायरींना जोडली. आतले सुमनने उशाशी घेतले, माइक तिच्या तोंडाकडे वळवून. माझे मी पडवीत अंथरुणावर ठेवले आणि कान लावून पाहिला. वहिनी आणि ती हळू आवाजात बोलत होत्या. मी आवाज एकेक पायरी कमी करत आणला, शब्द कळणार नाहीत पण आवाज थांबला तर कळेल इथपर्यंत, आणि दिवा मालवला.